टेकलंय कुठे?

माझ्या धाकट्या बहिणीला आमच्या गल्लीत सगळे बदक म्हणायचे. सुरुवातीला चिडवायला म्हणत, मग सवयीने, आणि शेवटी शेवटी थोड्या अभिमानानेही. तिच्याबद्दल कोणीतरी लिहायला हवं असं मला बरेच दिवस वाटत होतं. ते कोणीतरी मीच असेन असं मात्र वाटलं नव्हतं. मी शिंपी आहे. हाताला कात्रीची सवय, लेखणीची नाही. नातीला म्हटलं, तू वकील होणार, शब्द तुझ्याकडे आहेत, तू लिही. ती म्हणाली, "आजोबा, मी लिहिलं तर युक्तिवाद होईल. तुम्हीच लिहा." म्हणून लिहितो आहे. कुठे टाका चुकला तर सांभाळून घ्या.

धाकटी शाळेत असताना पळायची. पळण्यात ती बरी होती. बरी म्हणजे कोणाच्या लक्षात राहणार नाही इतकीच. एक दिवस तिच्या सरांनी विचारलं, चालण्याच्या शर्यतीला आपल्या शाळेतून कोणी नाव देत नाही, तू देतेस का? हिने विचारलं, का देत नाहीत? सर म्हणाले, लोक हसतात म्हणून. ही घरी आली आणि आमचं दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात हात कोपरात दुमडून, कंबर डावीउजवीकडे टाकत फेऱ्या मारू लागली. आई भांडी घासता घासता थांबली.

"अगं, तुला कुठे लागलंय का?"

"नाही."

"मग अशी काय चालतेस?"

"भरभर चालतेय."

"एवढी घाई आहे तर पळ की!"

"पळायचं नाही, हाच तर नियम आहे."

आईला तो नियम जन्मभर पटला नाही. ज्यांना तो ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चालण्याच्या शर्यतीत एक ना एक पाय सतत जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे. मागचा उचलायच्या आत पुढचा टेकायचा. शिवाय पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा. दोन्ही पाय एकदम हवेत गेले की ते पळणं झालं. वाटेत ठिकठिकाणी पंच उभे असतात. त्यांच्याकडे यंत्र नसतं, नुसती नजर असते. पाय उचलल्याची शंका आली तर पंच पिवळी पाटी दाखवतो, म्हणजे सांभाळ. खात्री पटली तर लाल नोंद. तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल दिला की मुख्य पंच लाल पाटी घेऊन समोर येतो आणि शर्यत तिथेच संपते. पंचांनी एकमेकांना विचारायचं नसतं. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघून ठरवायचं.

तेव्हापासून धाकटीच्या तोंडी एक शब्द कायमचा बसला: टेकणं. आज चांगलं टेकत होतं. आज डावा टेकतच नव्हता. आईने खुर्चीत बसायला सांगितलं तरी म्हणायची, "थांब, नीट टेकू दे."

शाळा संपल्यावर तिला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे, दांड्या वाकवायच्या, भिंग घासून द्यायचं. सकाळी दुकान उघडण्याआधी ती नदीकाठच्या रस्त्यावर चालायची. मी सायकलवर पाण्याची बाटली घेऊन मागे. मला बोलता येत नाही फारसं, पण सायकल हळू चालवता येते. रस्त्याने कामाला जाणारे लोक हसायचे. एक दूधवाला रोज क्वॅक क्वॅक करायचा. एकदा मी सायकलवरून उतरून त्याला काही बोलणार होतो, म्हणजे बोलायची तयारी करत होतो, तेवढ्यात धाकटी त्याच्याजवळून जाताना म्हणाली, "काका, बदक असं नाही ओरडत. घशातून काढा." दुसऱ्या दिवशी त्याने घशातून काढलं. पुढे तोच माणूस तिची शर्यत असली की सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा.

तिची चड्डी आणि बनियन मी शिवायचो. बाजारातले कपडे मांडीला घासायचे. शिवण आतून सपाट कशी ठेवायची हे मी तिच्यामुळे शिकलो.

मग ती मोठी स्पर्धा आली. आमच्या गावातून त्या स्पर्धेला जाणारी ती पहिलीच. वडिलांनी दुकान बंद ठेवलं. निम्मी गल्ली बसमध्ये भरून आली. शेवटच्या फेरीत धाकटी पहिली होती. मैदानाच्या शेवटच्या वळणावर आम्ही उभे होतो. ती समोर आली तसा आमच्या लोकांनी असा काही गलका केला, की मला वाटतं शेजारच्या गावात ऐकू गेला असेल. ती सर्वांत आधी पोचली. वडिलांनी टोपी उडवली. टोपी खाली पडायच्या आत मुख्य पंच लाल पाटी घेऊन धाकटीसमोर उभा होता. तिसरी लाल नोंद त्याच वळणावर झाली होती. ती बाद.

गल्लीने पंचाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वडील आयुष्यात कधी कोणावर ओरडले नव्हते, ते त्या दिवशी ओरडले. धाकटी मात्र त्या पंचाजवळ गेली, काहीतरी विचारलं, मान डोलावली आणि परत आली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून होती आणि बाकीची बस अन्याय, अन्याय करत होती.

तो अन्याय मग आमच्या घरात कायमचा राहायला आला. वडील कपडे बेतताना तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाला सांगायचे, माझ्या पोरीचं पहिलं बक्षीस हिसकावून घेतलं हो. पुढे दुकान मी चालवू लागलो तेव्हा ते वाक्यही माझ्याकडे आलं, टाचण्यांसकट.

धाकटी त्यानंतर पुष्कळ वर्षं चालली. तिसरी आली, चौथी आली, एकदा दुसरीही आली. पहिली कधीच आली नाही. पण बादही पुन्हा कधी झाली नाही. पाय थकले तेव्हा ती पंचाची परीक्षा देऊन पंच झाली. सुट्टीच्या दिवशी पांढरी टोपी घालून कुठल्यातरी गावाच्या रस्त्याकडेला उभी. बाद झालेल्यांचे पालक तिला म्हणायचे, "बाई, तुमच्याच दुकानातला एक चष्मा लावून या!" ती म्हणायची, "लावूनच आलेय. तुमच्यासाठी काढून ठेवू का एक?" एखादी मुलगी चांगली चालली तर ती तिला छान म्हणायची नाही, शाबास म्हणायची नाही. एकच शब्द: स्वच्छ. तोही फार थोड्यांना मिळाला. मला तर मी शिवलेल्या एकाही कपड्याबद्दल मिळाला नाही.

आता नातीकडे येतो. माझ्या मुलाची मुलगी. बोलायला लागली तेव्हापासून भांडते, म्हणून घरात तिचं नाव वकील. लहानपणी दुकानात माझ्या मशीनशेजारी चिंध्यांच्या ढिगावर बसून तिने आत्याआजीवरच्या अन्यायाची गोष्ट इतक्या वेळा ऐकली, की एक दिवस उभी राहून म्हणाली, "मी मोठी झाले की त्या पंचावर खटला भरणार." सगळे हसले. ती हसली नाही. आणि खरंच कायद्याच्या कॉलेजात गेली.

शेवटच्या वर्षाला ती एका मोठ्या वकीलबाईंच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून जाऊ लागली. बाई फार नावाजलेल्या. त्यांच्याकडे दोन शिकाऊ होते, एक आमची वकील आणि एक गोड आवाजाचा मुलगा. पदवीनंतर त्यातल्या एकालाच बाई ठेवून घेणार होत्या, कारण ऑफिसात टेबल एकच रिकामं होतं. एक दिवस नात घरी आली ती पिशवी कोपऱ्यात भिरकावूनच.

"काय झालं गं?"

"बाई म्हणाल्या, तू बोलतेस छान, पण कागद सोडून बोलतेस. दोन वेळा सांगून झालंय, आता कॉलेजच्या नकली कोर्टात बघते आणि ठरवते."

नकली कोर्ट म्हणजे विद्यार्थ्यांची स्पर्धा. बनवलेला खटला, बनवलेली कागदपत्रं, न्यायाधीशांच्या जागी अनुभवी वकील. अंतिम फेरीत हे दोघेच समोरासमोर होते आणि मधल्या खुर्चीवर बाई स्वतः बसणार होत्या. म्हणजे ते टेबल कोणाचं, हे तिथेच कळणार होतं.

त्याच सुमारास धाकटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती आमच्याकडे राहायला आली होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. इतर म्हाताऱ्यांना चालायचा कंटाळा असतो, हिला थांबवायला माणूस लागायचा. मी आणि नात तिला सकाळी घरामागच्या मैदानावर न्यायचो. मी बाकावर चहाचा थर्मास धरून बसायचो. धाकटी काठी टेकत मैदानाच्या कडेने चालायची आणि नात तिच्या शेजारून चालत आपलं भाषण पाठ करायची.

खटला साधा होता. एका इमारतीच्या जिन्यावरचा दिवा गेला होता. अंधारात एक बाई पडल्या, मनगट मोडलं. नात त्या बाईंच्या बाजूने, मुलगा इमारतीच्या मालकाच्या बाजूने.

"दिवा कित्येक दिवस बंद होता," नात म्हणत होती, "मालकाला ते पक्कं माहीत होतं, आणि तरीही त्याने निष्काळजीपणे..."

काठी जमिनीवर आपटली. टक्.

"काय झालं? गुडघा दुखतोय का, आत्याआजी?"

"गुडघा बरा आहे. टेकलंय कुठे?"

"काय?"

"मालकाला माहीत होतं म्हणालीस. ते टेकलंय कुठे? कागदात आहे?"

"म्हणजे, एका भाडेकरूने वॉचमनला सांगितलं होतं दिव्याचं. ते आहे त्याच्या जबाबात."

"आणि वॉचमनने मालकाला सांगितलं?"

"सांगितलंच असणार ना!"

"असणार," धाकटी म्हणाली. "उचललास बघ पाय."

नात चिडली. "आत्याआजी, ही चालण्याची शर्यत नाहीये."

"मला काय ठाऊक तुमच्या कायद्यातलं! मी आपलं विचारलं. चल, पुन्हा वळणापासून."

असं रोज सुरू झालं. कायद्यातलं धाकटीला खरंच काही कळत नव्हतं. नात वाक्य बोलायची, ही काठी आपटायची आणि तेच विचारायची. कधी कधी हिचंच चुकायचं. एकदा म्हणाली, "न्यायाधीश काही बोलले की मान डोलावायची, उलट बोलायचं नाही. पंचाशी वाद नाही." नात म्हणाली, "अगं, आमच्यात पंचाशीच वाद घालायचा असतो. न घातला तर गरीब पक्षकाराचं काय?" धाकटी थोडा वेळ विचार करत चालली. मग म्हणाली, "असेल. मग तुमचा खेळ आमच्यापेक्षा अवघड." खेळाडूचं सगळंच वकिलाला लागू पडतं असं मी म्हणणार नाही. मला म्हणायचा अधिकारही नाही. पण काय लागू पडत नाही हे दोघींनी मैदानावरच निवडून टाकलं, ते मला आवडलं.

एका सकाळी धाकटीने नवीनच काढलं. "तू जरा माझ्यासारखी चालून बोल बघू. हात दुमड. कंबर सोड. आणि गुडघा सरळ."

"सगळे बघतायत!"

"कोर्टात काय डोळे मिटून बसणार आहेत?"

नात चालू लागली. बाजूला व्यायाम करणारे पुरुष थांबून बघायला लागले, एकाने हसू दाबायला तोंडावर टॉवेल धरला. मलाही हसू येत होतं, मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसलो. नात लालबुंद झाली, पण थांबली नाही. आणि गंमत अशी, की तसं चालताना तिला भराभरा बोलताच येईना. पाय टेकेपर्यंत पुढचा शब्द थांबायचा. एरवी तिची वाक्यं धडाधड सुटतात, ती आता एकेक पायरी उतरल्यासारखी येऊ लागली. टॉवेलवाल्याने टॉवेल खाली घेतला आणि ऐकायला लागला.

त्याच दिवशी घरी जायची वेळ झाली तेव्हा ती गोष्ट निघाली. नात उत्साहात होती. म्हणाली, "आत्याआजी, मी जिंकले ना, तर ते तुझ्यासाठी. तुझ्यावर अन्याय झाला म्हणून तर मी वकील होतेय."

धाकटी थांबली. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "कसला अन्याय?"

"अगं, ती लाल पाटी!"

"त्यात अन्याय काय? माझे पाय उचलले गेले होते."

मी बाकावरून उठून त्यांच्याजवळ येत होतो, तिथेच उभा राहिलो.

"वळणावर तुम्ही सगळे ओरडलात," धाकटी माझ्याकडे बघून सांगू लागली. "मला वाटलं, आता काय, पोचलेच. दोन पावलं हवेत गेली. मला आतून कळलं तेव्हाच. त्या पंचाला मी एवढंच विचारलं, कुठे? तो म्हणाला, वळणावर. म्हटलं, बरोबर आहे."

"मग तू घरी सांगितलं का नाहीस?" नात म्हणाली.

"सांगितलं की! बसमध्ये सांगितलं, घरी सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं. बाबा म्हणाले, पोर किती मोठ्या मनाची आहे बघा, त्या चोराला सांभाळून घेतेय. मग मीही सोडून दिलं. त्यांना तो अन्याय इतका आवडला होता, काढून कसा घेणार?" मग मला म्हणाली, "दादा, तुझ्या तर टाचण्याही त्यावरच चालल्या."

मी थर्मास या हातातून त्या हातात घेतला.

नात आमच्या पुढे निघून घरी गेली. दुसऱ्या सकाळी मैदानावर आली नाही. दुपारी दुकानात आली, लहानपणी बसायची तशी मशीनशेजारी बसली. बराच वेळ एक चिंधी बोटाभोवती गुंडाळत होती.

"आजोबा, मग मी कशासाठी वकील होतेय?"

 मी पायाने मशीन थांबवलं. म्हटलं, "एवढा गलका आपल्या बाजूने होता. सगळी गल्ली म्हणत होती तूच पहिली. आणि ती एकटी म्हणाली, नाही, मी पाय उचलला. मी बाबांचा मुलगा आहे, मी नसतो म्हणालो. तूही बहुतेक नसतीस."  मी मशीन पुन्हा सुरू केलं. नात थोड्या वेळाने उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी थर्मास भरायच्या आत ती बूट घालून दारात उभी होती.

नकली कोर्ट कॉलेजच्या मोठ्या वर्गात होतं. लांब बाकं, समोर उंच टेबल, त्यामागे तिघे न्यायाधीश, मधे वकीलबाई. केस पांढरे, चेहरा असा की माणसाला आपल्या शर्टाची बटणं तपासावीशी वाटावीत. मी आणि धाकटी मागच्या बाकावर बसलो. नातीचा काळा कोट भाड्याचा होता, खांद्यात सैल. मला तो बघवत नव्हता, पण मी तोंड मिटून बसलो.

मुलगा आधी बोलला. आवाज खरोखर गोड. मालक किती भला माणूस आहे हे त्याने असं रंगवलं, की मलाही त्या इमारतीत खोली घ्यावीशी वाटली. आणि शेवटी तो ठासून म्हणाला, दिवा त्याच संध्याकाळी गेला होता, मालकाला कळणार कसं?

दिवा त्याच संध्याकाळी गेल्याचं कागदात कुठेच नव्हतं. इतक्या सकाळी ऐकून तेवढं मलाही पाठ झालं होतं.

नात उठली. सुरुवात सावकाश होती. एकेक गोष्ट सांगायची, पान सांगायची, मग पुढची. दिवा त्या संध्याकाळी नव्हे, त्याआधीच गेला होता हे तिने भाडेकरूच्या जबाबातून दाखवलं. वर्गात कुजबुज झाली. तिच्या मैत्रिणी पुढे सरसावून बसल्या, कोणीतरी बाक वाजवला. आणि तिथे तिला वारं लागलं. मला तिच्या खांद्यांवरून कळलं, सैल कोटातूनसुद्धा. आवाज चढला, वाक्यं धावू लागली.

"भाडेकरू अंधारात चाचपडत होते, आणि मालकाला हे सगळं पक्कं माहीत होतं!"

मी धाकटीकडे बघितलं. तिची काठी दोन गुडघ्यांच्या मधे होती, मूठ आवळलेली. तिने काठी आपटली नाही. जमिनीपासून वर धरून ठेवली, चुकून आवाज होऊ नये म्हणून.

नात पुढे आणखी एक वाक्य बोलली. मग थांबली. इतकी थांबली की मागे कोणीतरी खाकरलं. मला वाटलं विसरली.

"माननीय न्यायाधीश," ती म्हणाली, "मी आत्ता एक वाक्य बोलले, ते मागे घेते. मालकाला माहीत होतं, असं कागदपत्रांत नाही. वॉचमनला सांगितलं होतं, एवढंच आहे. वॉचमनने ते पुढे सांगितलं की नाही, हे मला माहीत नाही."

मैत्रिणी मागे टेकून बसल्या. गोड आवाजाच्या मुलाने लगेच काहीतरी लिहून घेतलं. कडेच्या न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "याने तुमचीच बाजू लंगडी झाली, हे लक्षात आलंय ना तुमच्या?"

"हो," नात म्हणाली. "पण जी उरलीय ती टेकलेली आहे. मला तिथून पुढे जाऊ द्यावं."

वकीलबाई पहिल्यांदाच पुढे वाकल्या. "जा."

"जिन्याखाली मालकाने स्वतः पाटी लावलीय. तिचा फोटो कागदपत्रांत आहे. पाटीवर लिहिलंय, काही अडचण असल्यास वॉचमनला सांगावं. भाडेकरूने तेच केलं. मालकाने आपले कान म्हणून ज्याला बसवलं, त्याच्या कानात ते पडलं. पुढे मालकाला ते कळलं की नाही, ही मालकाची अडचण आहे. पडलेल्या बाईंची नाही."

आणि ती खाली बसली. वेळ अजून शिल्लक होता. बोलायची संधी असताना आमची वकील आपणहून खाली बसली, असं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

ढाल मुलाला मिळाली. कडेच्या दोघांनी त्याच्या बाजूने कौल दिला, बाईंनी नातीच्या. नातीने त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि ते मनापासून केलं. एवढं मला मागच्या बाकावरूनही दिसलं.  ती ढाल जाईना का, पण ते टेबल!

लोक उठू लागले तशा बाई आमच्याच दिशेने आल्या. नात आमच्याजवळ उभी होती. तिचा चेहरा उतरला होता, पण मान खाली नव्हती.

"ते वाक्य मागे का घेतलंस?" बाईंनी विचारलं. "कोणी पकडलं नव्हतं. मीही तोपर्यंत काही म्हटलं नव्हतं."

"मला कळलं होतं, म्हणून."

"स्पर्धा त्यातच गेली, माहीतय?"

"हो."

बाईंनी तिच्या कोटाकडे बघितलं. "पदवी हातात आली की दुसऱ्या दिवशी ऑफिसात ये. मला कोर्टात उभं राहून अशीलाबद्दल काही सांगायचं असतं, तेव्हा ते कोणीतरी आधी तपासलेलं असावं लागतं. गोड आवाज माझा मला आहे. आणि हा कोट बदल. कोणी शिवलाय?"

"भाड्याचा आहे," मी म्हणालो. त्या अख्ख्या दिवसात मी अनोळखी माणसाशी बोललेलं हे एकमेव वाक्य, आणि ते मी जरा घाईनेच बोललो.

बाई गेल्या. नात आत्याआजीकडे वळली. तिला काहीतरी ऐकायचं होतं, हे तिच्या डोळ्यांत लहान मुलीसारखं उभं होतं. धाकटी काठीवर भार टाकून उठली. मला हात लावू दिला नाही. नीट उभी राहिली, दोन्ही पाय टेकल्याची खात्री करून घेतली, आणि म्हणाली,

"स्वच्छ."

बस, एवढंच. नातीने तोंड फिरवलं आणि भाड्याच्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मीही थर्मास शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो. थर्मास मी आणलाच नव्हता.

बाहेर लांबलचक फरशीचा व्हरांडा होता. धाकटी पुढे निघाली. गुडघा सरळ, कंबर डावीउजवीकडे. काठी नावापुरती. जुनी सवय, गुळगुळीत मोकळी जागा दिसली की तिला राहवत नाही. खांबाशी उभे असलेले विद्यार्थी बघून हसायला लागले. एकाने बदकाचा आवाज काढला. आमच्या दूधवाल्याइतका चांगला नव्हता. नातीने माझ्याकडे बघितलं, पिशवी माझ्या हातात दिली, हात कोपरात दुमडले आणि काळ्या कोटासकट तिच्या मागे निघाली. तिच्या शेजारी पोचली तेव्हा तिने पावलं आवरली आणि दोघी एका चालीने जाऊ लागल्या.

मी पिशवी घेऊन मागून जात होतो. ही माझी जुनीच जागा, फक्त सायकल नव्हती. मला पंचाची नजर नाही. पण आयुष्यभर माणसांची मापं घेतली आहेत, कोण कसं उभं आहे आणि कसं चालतं आहे एवढं कळतं. व्हरांडा संपेपर्यंत मी नजर न हलवता बघत होतो. दोघींपैकी एकीचाही पाय उचलला गेला नाही.